दाजींची लाल-निळी गावं

माझ्या दाजींनी चाळीस वर्षांत दोनशे तरी गावं पालथी घातली असतील. पण एकाही गावात त्यांना दोन माणसांच्या वर कोणी भेटलं नाही. म्हणजे भेटलं असेल हो, पण तिसरा माणूस समोर यायच्या आत दाजींचं मत तयार होऊन, वाळून, कडक झालेलं असायचं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, मालक. धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. दुकानातला तराजू असो की गोदामात पोती तोलायचा काटा, बिघडला की दाजींना बोलावणं. एक पत्र्याची पेटी, तिच्यात छिन्नी, कानस, दोन हातोड्या, ग्रीसचा डबा आणि फडक्यात गुंडाळलेलं एक किलोचं पितळी वजन. हे वजन म्हणजे दाजींचा देव. कोणाच्याही काट्यावर ते ठेवायचं आणि काटा खरा की खोटा ते सांगून मोकळं व्हायचं. प्रवासात पेटी बसच्या टपावर जायची, पण वजन मात्र कोटाच्या खिशात. त्यामुळे दाजींचे सगळे कोट उजवीकडे लोंबलेले आणि दाजी स्वतः डावीकडे झुकलेले.

दुसरी जपायची वस्तू म्हणजे बसच्या वेळापत्रकाची जुनी पुस्तिका. तिच्यात शेवटी सगळ्या गावांची यादी होती. एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल दाजींच्या कानावर असायची. गाव सोडताना बसमध्ये बसलं की पुस्तिका उघडायची आणि त्या गावापुढे ठिपका द्यायचा. निळा म्हणजे माणसं चांगली. लाल म्हणजे वाईट. तिसरा रंग पेन्सिलीला नव्हता आणि दाजींनाही नव्हता.

एका गावात लॉजवाल्यानं न मागता चादर बदलून दिली. गाव निळं. पुढं त्याच गावच्या एका माणसानं माझ्याकडून सायकलचा पंप उसना नेला तो नेलाच, तर दाजी म्हणाले, "तो मूळचा तिथला नसणार." दुसऱ्या एका गावात दाढी करताना न्हाव्याचा वस्तरा कानाला लागला. गाव लाल. आता हे इथंच थांबलं असतं तर मी कशाला तक्रार केली असती? पण पंधरा वर्षांनी अक्काच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला आणि नेमका चांगला डॉक्टर त्या न्हाव्याच्या गावात निघाला. दाजी म्हणाले, "त्या गावच्या माणसांचा हात स्थिर नाही."

मी म्हटलं, "दाजी, डॉक्टर वेगळा, न्हावी वेगळा."

"हवा एकच ना? पाणी एकच ना?"

झालं. अक्काला दुप्पट लांबच्या गावी नेलं. का, तर तिथल्या भाजीवाल्यानं एकदा दाजींना रस्ता ओलांडायला हात दिला होता.

आता तुम्ही म्हणाल, अक्का गप्प कशी बसायची? अक्का गप्प बसायची नाही. ती बोलायची आणि दाजी ऐकायचे नाहीत, असा तो संसार होता. मला मात्र दोघंही मधे घ्यायचे. "तू सांग तुझ्या बहिणीला," "तू सांग तुझ्या दाजींना." एका खोलीत समोरासमोर बसलेल्या दोन माणसांचे निरोप पोचवण्यात माझी निम्मी हयात गेली.

त्या पुस्तिकेत एका गावापुढे मात्र ठिपका नव्हता, लाल फुली होती. आणि ती इतक्या जोरात मारली होती की कागद फाटून पेन्सिल मागच्या पानावर उतरली होती. मागच्या पानावर जे गाव त्या जागी पडलं होतं, त्याचा काही एक दोष नसताना तेही बिचारं संशयित झालं.

या फुलीच्या गावाची गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की दाजींना ठसका लागला तर पुढची मी सांगू शकतो. सव्वीस वर्षांपूर्वी त्या गावच्या भाजीबाजारातला मोठा काटा दुरुस्तीला दाजींना बोलावलं. छताला टांगलेली दांडी, दांडीला दोन बाजूंना साखळ्यांनी लटकवलेली दोन पारडी, प्रत्येक पारडं बैलगाडीच्या चाकाएवढं. एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजनं. दाजी पोचले तो बाजाराच्या सुट्टीचा दिवस. राखणदारानं कुलूप काढून दिलं आणि तो जाऊन झोपला. दाजींनी बघितलं तर रिकामा काटा सरळ राहीना. वजनाच्या बाजूचं पारडं खाली. दाजी पारड्याखाली उताणे झोपले आणि बघतात तर काय, वजनाच्या पारड्याला तळातून लोखंडाचा एक ठोकळा जोडलेला!

"लक्षात येतंय ना?" इथं दाजी दर वेळी ताटावरून हात उचलायचे. "वजनाचं पारडं आधीच जड. म्हणजे माल विकणाऱ्यानं दर वजनाला तेवढा माल फुकट घालायचा. अख्ख्या गावाची चोरी! उघड्यावर! लोखंडात घडवलेली!"

दाजींनी छिन्नी लावली, ठोकळा तोडून फेकला, काटा सरळ केला आणि छाती काढून लॉजवर झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी गावकऱ्यांनी त्यांची पेटी रस्त्यात ठेवली आणि त्यांना बसमध्ये बसवून दिलं. गोष्ट इथं संपायची. "चोरी पकडली म्हणून हाकललं मला," असं म्हणून दाजी पुढचा घास घ्यायचे.

मी एकदाच विचारलं होतं, "त्यांचं म्हणणं काय होतं?"

"चोरांचं काय म्हणणं असणार?"

इतकी वर्षं ही गोष्ट जेवणाबरोबर आमच्या पोटात जात राहिली, पचत राहिली. पण मग दाजींच्या धाकटीला नोकरी लागली. ही माझी भाची रक्त तपासायचं शिकलेली. आठ ठिकाणी अर्ज केले, सात ठिकाणांहून उत्तरसुद्धा नाही. आठव्या ठिकाणाहून पत्र आलं. मोठं रुग्णालय, नवी प्रयोगशाळा, सोमवारी हजर व्हा, न आल्यास जागा दुसऱ्याला देण्यात येईल. आणि गाव कोणतं? फुलीचं.

दाजींनी पत्र वाचलं, घडी घातली, पाण्याच्या तांब्याखाली ठेवलं आणि म्हणाले, "नाही."

पोरगी बापाच्याच वळणावर गेलेली, पण तिला तिसरा रंग दिसायचा. ती मला अंगणात घेऊन गेली. "मामा, मी जाऊ शकते. माझं वय चोवीस आहे, मला कोण अडवणार? पण मी अशी उठून गेले तर बाबा वर्षभर तोंड उघडणार नाहीत, आणि ते सगळं आईला निस्तरावं लागेल. तू त्यांना एकदा तिथं घेऊन जा. स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे."

"त्यांच्या डोळ्यांचाच तर घोटाळा आहे ना बाई!"

"तरी ने."

मी आत जाऊन विषय काढला. दोन तास डोकं खाल्लं. शेवटी दाजींनी एक अट घातली, आणि ती अट ऐकून मला कपाळ भिंतीवर आपटावंसं वाटलं.

"त्या बाजारातला काटा मी पुन्हा बघणार. पारड्याच्या तळाला काही नसेल, तर गाव सुधारलं म्हणायचं. पोरगी जाईल. पण लोखंड असेल, तर तिनं त्या गावाचं नाव काढायचं नाही. कबूल?"

मी म्हणणार होतो की पोरीच्या नोकरीचा आणि भाजीच्या काट्याचा संबंध काय. पण दाराआडून पोरगीच म्हणाली, "कबूल." सव्वीस वर्षं झाली, आता कुठं राहिलंय ते लोखंड, असा तिचा हिशेब. माझाही तोच होता.

शुक्रवारी सकाळी पेटी बसच्या टपावर टाकून आम्ही दोघं निघालो. सात तासांचा रस्ता, मधे एका गावी बस बदलायची. त्या थांब्यावर दाजींनी चहा मागवला, पेला हातात घेतला आणि शेजारच्या प्रवाशाला त्या फुलीच्या गावाची गोष्ट सांगायला लागले. पार ठोकळ्यापर्यंत सांगून झाल्यावर घोट घेतला. "गार आहे!" चहावाला म्हणाला, "दिला तेव्हा गरम होता, बाबा." दाजींनी माझ्याकडं असं बघितलं की मी ओळखलं, या गावाचं आता काही खरं नाही. बसमध्ये बसल्याबरोबर पुस्तिका निघाली. लाल ठिपका.

दुपारी फुलीच्या गावात उतरलो. स्टँडबाहेर एक चांभार बसला होता. मी त्याला बाजाराचा रस्ता विचारला. तो म्हणाला, "सरळ जा, पाण्याच्या टाकीला डावीकडं वळा. पण आज बाजार संपला. उद्या सकाळी सहाला."

दाजी पुढं होऊन म्हणाले, "खरं सांगतोयस ना?"

चांभारानं खिळे ओठांत धरले होते ते काढून हातात घेतले. "बाबा, टाकी काय मी हलवणार आहे?"

मी दाजींना दंडाला धरून पुढं नेलं. पण खरी शोभा अजून व्हायची होती. रस्त्यात एक किराणा दुकान लागलं. दाजी थेट आत घुसले, खिशातून पितळी वजन काढलं आणि दुकानदाराला न विचारता त्याच्या विजेच्या काट्यावर ठेवलं. दुकानात चार गिऱ्हाइकं. सगळी बघत राहिली. काट्यावर हिरवे आकडे आले. नऊशे अठ्ठ्याण्णव ग्रॅम.

"बघ!" दाजी माझ्यावर ओरडले, जसा काही तो काटा माझ्याच बापाचा होता. "दोन ग्रॅम!"

दुकानदार तरुण होता. त्यानं वजन उचललं, उजेडाकडं धरलं, अंगठा फिरवला. "आजोबा, हे कुठं ठेवता तुम्ही?"

"खिशात. चाळीस वर्षं."

"मग झिजलंय ते. कडा बघा की. गोल गुळगुळीत झाल्यात. माझ्या काट्यावर दोन महिन्यांपूर्वीच शिक्का मारलाय."

"माझं वजन झिजलं?" दाजींचा आवाज फाटला. त्यांच्या आईबद्दल कोणी बोललं असतं तरी एवढा फाटला नसता. त्यांनी वजन हिसकावून घेतलं आणि बाहेर पडले. मग आम्ही पुढच्या दुकानात गेलो. नऊशे अठ्ठ्याण्णव. त्याच्या पुढच्या दुकानात. नऊशे अठ्ठ्याण्णव. खिळे-पत्र्याच्या दुकानात, मिठाईच्या दुकानात, एवढंच काय, रद्दीवाल्याच्या काट्यावर. सगळीकडं नऊशे अठ्ठ्याण्णव.

"सगळं गाव एकमेकांना सामील आहे," दाजी म्हणाले.

मी भर रस्त्यात थांबलो. "दाजी, जरा विचार करा. एवढ्या मोठ्या गावानं सभा घ्यायची, आणि ठरवायचं काय, तर सगळ्यांनी मिळून दोन-दोन ग्रॅम चोरायचे? आणि ते रद्दीवाल्यालासुद्धा कळवायचं?"

"तुला व्यवहार कळत नाही."

रात्री लॉजच्या खोलीत दोन खाटा होत्या. मी भिंतीकडं तोंड करून पडलो. दाजी वजनाच्या कडांवरून अंगठा फिरवत बसले होते. फिरवायचे, खिशात ठेवायचे, परत काढायचे.

सकाळी सहाला बाजारात पोचलो. मोठी पत्र्याची शेड, ओलं सिमेंट, पाल्याचा वास आणि आरडाओरडा. शेडच्या मधोमध तोच काटा. छताला तीच दांडी, तीच दोन पारडी. आणि काट्याशी एक म्हातारी बाई उभी होती. पदर कमरेला खोचलेला, केस पांढरे, हात लोहारासारखे. ती माल तोलत होती आणि आकडा असा ओरडत होती की शेडच्या पार कडेचा माणूस ऐकेल. सगळे तिला तोलणारी मावशी म्हणत होते.

दाजींनी कोणाला काही विचारलं का? छे. गर्दीतून वाट काढत ते गेले, वजनाच्या पारड्याशी गुडघे टेकले आणि मान वाकडी करून खाली बघितलं. मीही वाकलो.

लोखंडाचा ठोकळा. चांगला जाडजूड. तिथंच होता.

पोरीनं घरी बॅग भरून ठेवली असणार, हे मला माहीत होतं. दाजी उठले. इतका आनंदी चेहरा मी त्यांचा अक्काच्या लग्नातही बघितला नव्हता. "लोखंड आहे! सव्वीस वर्षं झाली तरी आहे! चल परत."

"कोण रे तो खाली घुसलेला?" मावशी ओरडली. मग तिनं दाजींना नीट बघितलं. वरून खाली, लोंबत्या खिशापर्यंत. तिचा हात वजनावरच थांबला. "थांब. तू तो छिन्नीवाला ना?"

शेडमधला आवाज एकदम खाली आला. एक म्हातारा हमाल डोक्यावरचं ओझं तसंच ठेवून वळला. "कोण, छिन्नीवाला? तो हाच?"

आता कळलं की सव्वीस वर्षं जेवणाबरोबर गोष्ट सांगणारे दाजी एकटेच नव्हते.

"मीच तो," दाजी ताठ होऊन म्हणाले. "आणि तुमची चोरी अजून चालू आहे."

मावशीनं तोलत असलेला माल खाली उतरवला, वजनं उतरवली. काटा रिकामा झाला. वजनाचं पारडं सावकाश खाली गेलं. "बघा, बघा!" दाजी लोकांना दाखवायला लागले. मावशीनं मागं हात केला, रचून ठेवलेल्या टोपल्यांतली एक रिकामी टोपली उचलली आणि मालाच्या पारड्यात ठेवली.

पारडी हलली, झुलली आणि बरोबर समोरासमोर थांबली. केसाचाही फरक नाही.

"इथं माल टोपलीतून तोलतात," मावशी म्हणाली. लहान मुलाला सांगावं तशी. "सगळ्या टोपल्या एकाच घरात विणलेल्या, एकाच मापाच्या. टोपलीचं वजन घेणाऱ्याच्या गळ्यात पडू नये म्हणून समोर तेवढं लोखंड. वाळून टोपल्या हलक्या झाल्या की लोखंड मी स्वतः कानशीनं घासते. ओल्या टोपलीत मी तोलत नाही, ती बघ तिथं वाळत टाकलीय. तू लोखंड तोडून गेलास आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक घेणाऱ्याला टोपलीएवढा माल कमी मिळाला. इथं डोकी फुटली. माझ्या सख्ख्या भावाचं फुटलं. सगळ्यांना वाटलं मीच पैसे खाल्ले."

दाजी टोपलीकडं बघत होते. काटे दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे समजायला किती वेळ लागणार? पारडी थांबली तेव्हाच समजलं होतं. पण समजणं आणि तोंडातून निघणं यांत फार अंतर असतं.

शेवटी ते म्हणाले, "त्या दिवशी टोपल्या नव्हत्या इथं."

"सुट्टी होती. टोपल्या धुवून घरोघरी गेलेल्या. विचारायचं होतंस."

"कोणाला विचारणार? राखणदार झोपला होता."

"मग उठवायचं!" मावशी कडाडली. "छिन्नीचे एवढे घाव घातलेस तरी तो उठला नाही, पण हाक मारली असतीस तर उठला असता. माझं घर इथून दहा पावलांवर. तुला तोडायला वेळ होता, विचारायला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर म्हणालास, चोरांना काय विचारायचं. आठवतंय?"

म्हणजे गोष्टीचा एवढा तुकडा दाजींनी आम्हाला कधी वाढलाच नव्हता.

मला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं. आता दाजी मान खाली घालतील, आपण दुपारची बस धरू, पोरगी सोमवारी कामावर. पण मावशीनं माझ्याकडं वळून विचारलं, "दादा, परत कशाला आणलंत याला?"

मी पोरीच्या नोकरीचं सांगितलं. रुग्णालय, प्रयोगशाळा, रक्त तपासणं. सांगताना वाटत होतं की आता सगळे खूश होतील. मावशीचा चेहरा मात्र आंबला. हमालानं ओझं खाली ठेवलं.

"तुमच्या गावची पोरगी? आमचं रक्त तपासणार?" मावशी म्हणाली. "नको रे बाबा."

"का हो?"

"तुमच्या गावची माणसं विचारत नाहीत, आधी तोडतात. याच्यानंतर तुमच्या गावचे दोन व्यापारी आले होते. मी त्यांना काट्याजवळ उभं केलं नाही."

"मीही तिकडची पाटी उचलत नाही," हमाल म्हणाला.

आणि मग दाजी उसळले. लाल झाले, मानेच्या शिरा टरारल्या. सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "एका माणसावरून अख्ख्या गावाला नाव ठेवता? लाज नाही वाटत? गावात हजारो माणसं असतात! प्रत्येकाची तऱ्हा वेगळी!"

मी शेडच्या खांबाला धरून उभा राहिलो. मला हसू येत नव्हतं आणि रडूही येत नव्हतं. वाटत होतं, ते पितळी वजन दाजींच्या खिशातून काढावं आणि आधी त्यांच्या, मग मावशीच्या आणि शेवटी माझ्या डोक्यात घालावं.

"मग तू आमच्या गावाला काय म्हणत होतास इतकी वर्षं?" मावशीनं विचारलं.

दाजींनी कानावरची पेन्सिल काढून खिशात घातली.

"पोरगी हात लावायच्या आधी विचारते का?" मावशी.

"विचारते," दाजी म्हणाले. आवाज खाली आला होता. "लहानपणापासून विचारते. विचारून विचारून जीव घेते."

"बघू मग."

एवढंच. माफी कोणी मागितली नाही आणि कोणी दिली नाही. दाजींनी कोट काढून माझ्या हातात दिला, स्टूल ओढलं आणि दांडीच्या मधल्या टेकूशी कान नेला. "कुरकुरतोय हा," ते म्हणाले. मग चाळीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेलं वाक्य म्हणाले. "ग्रीस लावू का?"

"लाव," मावशी म्हणाली.

घरी आलो तर दाजींची वेगळीच तऱ्हा. पोरगी दारात उभी. बापाचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होती. "लोखंड होतं का?" तिनं मला हळूच विचारलं.

"होतं," दाजीच म्हणाले. "आणि तुला गेलंच पाहिजे. सोमवार नाही, उद्याच जा. तिथं आपल्या गावाचं नाव खराब झालंय."

"कोणी केलं?"

दाजी हात-पाय धुवायला गेले. अक्कानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "जेवताना सांगतो. पुढची सव्वीस वर्षं पुरेल अशी नवी गोष्ट आहे."

पोरगी गेली आणि रुजू झाली. दाजींनी पुस्तिकेत त्या फुलीवर निळी पेन्सिल इतकी घासली की तिथं जांभळा डाग झाला आणि कागदाचा उरलेला तुकडाही निघाला. तिथं आता भोक आहे. आणि गाव? गाव आता संतांचं झालंय. पोरीचा दर रविवारी फोन येतो. घरमालकीण सकाळी सातलाच पाणी बंद करते, असं तिनं सांगितलं तर दाजी म्हणाले, "तू विचारलंस का तिला, का बंद करते? काहीतरी चांगलंच कारण असणार. त्या गावची माणसं तशी नाहीत." वरिष्ठ माणूस तिच्यावर विनाकारण डाफरतो, तर त्यातही त्याचं काहीतरी चांगलं कारण. पोरगी मला वेगळा फोन करून रडगाणं सांगते. म्हणजे माझं निरोप पोचवायचं काम संपलं नाहीच, एक गिऱ्हाईक वाढलं.

ते पितळी वजनही तिनं एकदा नेलं आणि प्रयोगशाळेतल्या नाजूक काट्याच्या माणसाकडून तोलून घेतलं. फोनवर म्हणाली, "बाबा, एक ग्रॅम आणि वर नऊशे मिलिग्रॅम कमी भरलं."

"त्या गावचा काटा आहे ना?" दाजी म्हणाले. "मग बरोबरच असणार."

परवा पोरीला भेटायला जायचं ठरलं. मी सकाळी बॅग घेऊन आलो तर दाजी भलत्याच बसची तिकिटं काढून बसलेले. लांबच्या वळशानं जाणारी, अकरा तासांची.

"दाजी, सात तासांची सोडून ही का?"

"त्या बसनं मधल्या गावी थांबावं लागतं. चहावाल्यांचं गाव. मी तिथं पाय ठेवणार नाही."

अकरा तास. माझा गुडघा, माझी कंबर आणि शेजारी डावीकडं झुकलेले दाजी. तिसऱ्या तासाला माझ्यानं राहवलं नाही. मी विचारलं, "दाजी, त्या चहावाल्याला तुम्ही विचारलं होतंत का, चहा गार का झाला ते?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मला अक्कल किती कमी आहे याचा त्यांना नव्यानं अंदाज येत होता.

"त्यात त्याला काय विचारायचं?" ते म्हणाले. "पीत मी होतो ना!"